दाखल्यावर सगळ्यांचीच वर्तणूक ‘चांगली’

(नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलून थोडक्यात देते आहे.)

‘आमची दहावी मार्च १९९२ची. आता आम्ही सगळे पन्नाशीला टेकलोय, म्हणून डिसेंबरात गंगापूर रोडला एका फार्महाऊसवर स्नेहमेळावा ठरलाय. त्यानिमित्त एक छोटी स्मरणिका काढायची आणि वर्गातल्या प्रत्येकाबद्दल चार-पाच ओळी छापायच्या, असा बेत आहे: स्वभाव कसा होता, शाळेत काय काय करायचा, असं. शाळेत भित्तिपत्रक मी लिहायचे, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. मीही उत्साहात हो म्हणून बसले.

उत्तीर्णांची जुनी यादी एकाला सापडली. त्यात बावन्न नावं आहेत. वर्गाचा फोटो माझ्याकडे आहे, त्यात मात्र सत्तावन्न चेहरे, त्यामुळे जुळवाजुळवीत गोंधळ होतो. फोटोच्या मागे फक्त पहिल्या दोन रांगांची नावं लिहिलेली आहेत. वीसेक जण मला नीट आठवतात. पंधरा जण नुसते टोपणनावाने आठवतात, त्यातली काही छापण्यासारखी नाहीत. एका मुलाबद्दल तर तो दांडीबहाद्दर होता एवढंच आठवतं. उरलेल्या सतरा जणांबद्दल काहीच आठवत नाही, आणि त्याची लाज वाटते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. निरोप समारंभात फिशपाँड वाचले गेले, ते मी आणि आणखी एकीने लिहिले होते. एका मुलीच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. तिच्यावर आम्ही लिहिलं, “हिला पावडरचा खर्च नाही, घरचीच गिरणी आहे.” सर हसले, वर्ग हसला. तीही हसली, असं मला आठवतं. आता ग्रुपवर दोघा-तिघांनी लिहिलंय, “ते पिठाचं नक्की टाक.” ती ग्रुपवर आहे, पण कधी बोलत नाही. तिच्याबद्दल काय लिहू? स्मरणिकेतच जाहीर माफी मागू का? सतरा जणांबद्दल खोटं छान छान लिहून मोकळी होऊ? की कामच सोडून देऊ?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आमच्या वर्गातली तेलवाल्यांची आणि कोळशाच्या वखारीची मुलं डोळ्यांसमोर आली. आमच्याकडेही हजेरीपटावरच्या नावापेक्षा बापाचा धंदाच जास्त चालायचा. दुसऱ्यांदा वाचताना आकडे मोजले, आणि मला आधी त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

फोटोत सत्तावन्न आणि यादीत बावन्न. तुम्ही याला गोंधळ म्हणता, पण यात गोंधळ नसावा. वर्गाचे फोटो परीक्षेच्या आधी निघायचे आणि उत्तीर्णांची यादी निकालानंतर लागायची. मधले पाच जण इंग्रजीत नाहीतर गणितात ‘राहिले’ असणार. तेव्हा ‘राहिला’ एवढंच म्हणायचे लोक, पुढचं बोलायचे नाहीत. कुणी फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरची वारी केली असेल, कुणी सातपूरला एखाद्या वर्कशॉपमध्ये लागला असेल, एखादीचं त्याच मे महिन्यात लग्न उरकलं असेल. पण इतकी वर्षं ते तुमच्याच बाकांवर बसले होते. स्मरणिकेची यादी उत्तीर्णांच्या यादीवरून केली तर बोर्डाने त्यांना एकदा वगळलं आणि आता तुम्ही दुसऱ्यांदा वगळणार. नववीतच शाळा सोडलेल्यांचा तर फोटोही नाही. शाळेत जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाची नोंदवही, कायमचं जपलेलं असतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन नावं ताडून घेता येतात का ते पाहा. आणि त्या पाच जणांना आधी विचारा. एखाद्याला या सगळ्यात यायचंच नसेल, तर तोही त्याचा हक्क आहे.

आता सतरा जणांची लाज. ती कमी करायला एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या हायस्कुलांत दरवर्षी इयरबुक निघतं. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, नाव आणि त्याने कशाकशात भाग घेतला ते त्यात असतं. १९७५ साली हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या इयरबुकांवरून ३९२ जणांची आठवण तपासली. त्यांत नुकती शाळा सोडलेली पोरंही होती आणि सत्तरी ओलांडलेलेही होते. कोरा कागद देऊन ‘वर्गमित्रांची नावं आठवा’ म्हटलं की लोक लवकर अडायचे, आणि जितकी वर्षं उलटलेली तितके जास्त अडायचे. पण अनोळखी फोटोंत मिसळलेला आपल्या वर्गातला चेहरा ओळखायला सांगितला की तीस-पस्तीस वर्षांनंतरही सुमारे नव्वद टक्के उत्तरं बरोबर यायची. म्हणजे माल गोदामात असतो, फक्त किल्ली हरवलेली असते. तुम्ही कोरा कागद समोर घेऊन बसलात, म्हणून अडलात.

किल्ल्या बऱ्याच आहेत. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती हजेरी. डोळे मिटून मोठ्याने हजेरी घ्या, सरांच्याच चालीत. एकवीस, बावीस, तेवीस... ‘हजर’ कोण कसं म्हणायचं ते कानात असतं. कुणी ‘येस सर’ म्हणताना अर्धवट उठायचा, कुणाची हजेरी शेजारीणच द्यायची. एक नाव अडलं की मागच्या दोन नावांपासून पुन्हा सुरू करा. मी हे स्वयंपाक करताना करून पाहिलं. बत्तीस नंबरला अडकले होते, कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि नाव आलं.

दुसरी किल्ली त्या वर्षाची. तुम्ही दहावीत गेलात ते १९९१, म्हणजे सिंहस्थाचं वर्ष. पर्वणीच्या दिवसांत कुणाच्या घरी किती पाहुणे उतरले होते आणि कोण अंघोळ न करता शाळेत यायचं, ते ग्रुपवर विचारा. परीक्षेच्या तोंडावर ऑस्ट्रेलियातला वर्ल्डकप होता. ४ मार्चला सिडनीत पाकिस्तानच्या मियाँदादने आपल्या यष्टिरक्षकाची, किरण मोरेची नक्कल करत त्या बेडूकउड्या मारल्या, त्या दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी कुणी मारून दाखवल्या? कुणीतरी मारल्याच असणार. ‘अमुक कसा होता’ असा प्रश्न विचारलात तर ग्रुपवर अंगठे येतील. ‘त्या दिवशी कोण कुठे होतं’ असा विचारलात तर माणसं येतील. फोटोतले दोन-दोन चेहरे कापून रोज ग्रुपवर टाका, एकदम सत्तावन्न नकोत. आणि उत्तरं बोलून पाठवायला सांगा. टाईप करताना माणूस सभ्य होतो, बोलताना खरं सांगतो.

तुम्हाला आठवतं तेच घडलं, असं मात्र धरून चालू नका. हे सांगायचा अधिकार मी चांगलाच कमावलाय. मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना डबा वाटायचे, अशी माझी स्वतःबद्दलची आठवण होती. तीस वर्षं मी ती कौतुकाने बाळगली. आमच्या मेळाव्यात एक जण म्हणाला, ‘तू रोज माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं न विचारता उचलायचीस.’ शेजारचे तिघे माना डोलवत होते. मी अजून विश्वास ठेवलेला नाही, पण डबा वाटल्याची गोष्ट सांगणं सोडून दिलंय.

खोटं छान छान लिहू का, असं विचारता. लिहू नका, पण त्याचं कारण पाप-पुण्याचं नाही. ते लिखाण वाचवत नाही, एवढंच. आपला शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. ‘वर्तणूक’च्या रकान्यात ‘चांगली’ आणि ‘अभ्यासातील प्रगती’च्या रकान्यात ‘समाधानकारक’ किंवा तिथेही ‘चांगली’. ज्याने बाकावर करकटकाने आख्खं गाव कोरून काढलं त्याचीही वर्तणूक चांगलीच. मनमिळाऊ, हसतमुख, हरहुन्नरी, सर्वांची लाडकी हे शब्द त्याच रकान्यातले आहेत. सतरा जणांना ते वाटलेत तर सतरा जणांना कळेल की आपण हिला आठवत नाही.

मला विचाराल तर ‘स्वभाव’ हा मथळाच काढून टाका. पन्नाशीच्या माणसाला त्याचा पंधराव्या वर्षीचा स्वभाव सांगणारे आपण कोण? त्याने केलेली एक गोष्ट लिहा, दिसली तशी. तुमची शाळा गावातली असेल तर पुराच्या दिवशी मधल्या सुट्टीत सायकल काढून गोदेवर जाणारा एखादा असणारच. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघून परत यायचा आणि दारातूनच ओरडायचा, ‘गुडघ्याला लागलं!’, ‘कमरेपर्यंत!’ आणि त्या दिवशी शाळा लवकर सुटणार की नाही ते आख्खा वर्ग त्याच्या तोंडावरून ठरवायचा. एवढं लिहिलंत की ‘उत्साही आणि समाजशील’ लिहावं लागत नाही. फळ्यावर रोज सुविचार लिहिणारी, तिच्या ‘श’चा काना नेहमी लांब जायचा. स्काऊटच्या खरी कमाईत कुणाच्या तरी सायकली पुसून मिळालेले पैसे सरांना द्यायला विसरलेला. एलिमेंट्रीच्या परीक्षेला दुसऱ्याचा ब्रश घेऊन बसलेली. चार ओळींत असं एक जरी आलं तरी पुरे. आणि सगळं विचारून झाल्यावरही एखाद्याबद्दल काहीच हाती लागलं नाही, तर त्यालाच फोन करा आणि सरळ सांगा, ‘मला तुझं फार आठवत नाही, तूच सांग तू काय करायचास?’ लोक दुखावत नाहीत. अर्धा तास बोलतात.

दांडीबहाद्दराचंही असंच. तो कुठून यायचा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मखमलाबाद, मातोरी, गिरणारे या बाजूचा असेल तर त्याच्या दांड्या कोणत्या महिन्यांत असायच्या ते आठवून पाहा. द्राक्षाच्या बागेत ऑक्टोबर छाटणी असते, पुढे डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, मग फेब्रुवारी-मार्चात माल निघतो. घरात हात कमी असले की दहावीतला मुलगाही बागेत असतो. कदाचित तसं काहीच नसेल आणि तो खुशाल सिनेमाला जात असेल. तेही लिहिण्याजोगंच आहे. पण ‘दांडी’ हा शब्द हजेरीपटाच्या बाजूने लिहिलेला आहे. तो जिथे होता तिथून लिहिलंत तर वेगळंच काही निघेल.

टोपणनावांवर फार वेळ घालवू नका. ज्याचं त्याला विचारायचं, ‘छापू का?’ एवढंच. तो क्षणभर थांबून ‘चालेल’ म्हणाला, तर छापू नका.

बायकांच्या नावांचं आधीच ठरवा, नाहीतर छपाईच्या आदल्या रात्री वाद होतात. क्रम शाळेतल्या नावाने लावा, म्हणजे हजेरीचा. पुढे आजचं नाव लावायचं की नाही आणि कोणतं लावायचं, ते जिचं तिने सांगावं. आणि कुणी ‘मिस्टर काय करतात’चा रकाना सुचवला तर तो फॉर्मवर येऊच देऊ नका. पन्नाशीपर्यंत सगळ्यांचे मिस्टर असतातच असं नाही, आणि असले तरी ते तुमच्या वर्गात नव्हते. फोन नंबर, पत्ते, जन्मतारखा छापू नका. स्मरणिका कुणाकुणाच्या हाती जाईल, त्यावर आपला ताबा नसतो.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण सत्तावन्नांपैकी एखादा आज नसेलही. अशांना शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत नेऊन बसवण्याची पद्धत आहे, मला ती आवडत नाही. हजेरीत त्याचा जो नंबर होता तिथेच त्याला ठेवा, इतरांसारख्याच चार ओळी द्या आणि घरच्यांना आधी वाचून दाखवा.

आता गिरणीकडे येते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी खूण करून ठेवलंय. ‘तीही हसली, असं मला आठवतं.’ सरांबद्दल लिहिताना तुम्ही नुसतं ‘सर हसले’ लिहिलंत, वर्गाबद्दल नुसतं ‘वर्ग हसला’. तिच्याच हसण्यापुढे ‘असं मला आठवतं’ का लावावंसं वाटलं? ती हसली असेलही. सरांसकट सगळा वर्ग आपल्याकडे बघून हसतोय म्हटल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने दुसरं काय करायचं होतं? फिशपाँडला आपल्याकडे शेलापागोटे असाही शब्द आहे. शेला काय, पागोटं काय, दोन्ही मानाच्या वस्तू. टोमणा मारताना माणसाला वर उचलायचं, अशी त्यातली गंमत. तुमचा टोमणा त्यातला नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच पत्र आलं. मात्र त्यात सरांचाही वाटा आहे, हे विसरू नका. चिठ्ठ्या आधी वाचून चाळायचं काम मोठ्यांचं होतं.

स्मरणिकेत जाहीर माफी मागण्याचा विचार सोडून द्या. त्यामागचं मन चांगलं आहे, पण परिणाम बघा. ज्यांना ते वाक्य आठवत नव्हतं त्यांनाही ते आठवेल. मेळाव्यात जेवणाच्या रांगेत लोक तिच्याकडे पाहतील आणि तिला पन्नास जणांदेखत, त्यातले दहा जण मोबाईल रोखून उभे असताना, ‘अगं त्यात काय!’ म्हणून मोठेपणा दाखवावा लागेल. तेव्हा तिला हसावं लागलं, आता माफ करावं लागेल. मन हलकं होईल ते तुमचं.

नुसतं वगळून दोन गोड ओळी लिहिणंही पुरेसं नाही. कारण ‘ते पिठाचं’ आठवणारे दोघे-तिघे आहेत, आणि जेवणानंतर माईक त्यांच्या हातात जाणार हे नक्की. त्यांना तुम्ही एकेकट्याला फोन करा. ग्रुपवर लिहू नका, तिथे लिहिलंत तर तिच्या डोळ्यांदेखत तेच दळण पुन्हा दळलं जाईल. फोनवर सांगा, ‘ते मी लिहिलं होतं, ते मला नकोय, मेळाव्यातही नको.’ ‘मस्करीच होती गं’ असं उत्तर येईल. वाद घालू नका. ‘हो, आणि माझी होती, म्हणून मीच मागे घेतेय’ एवढं म्हणा.

मग तिला फोन करा. आधी मेसेज टाकून वेळ विचारा. ‘तुला आठवतंय का गं?’ अशी सुरुवात मात्र करू नका. आठवत असेल तर तिला विसरल्याचं सोंग करावं लागेल. थेट सांगा: ‘निरोप समारंभात तुझ्यावर वाचलं गेलं ते मी लिहिलं होतं. ते वाईट होतं. ते स्मरणिकेत येणार नाही, कुणी माईकवर बोलणार नाही, हे मी बघितलंय. तुझ्याबद्दल काय आलेलं तुला आवडेल?’ आणि गप्प बसा. या गप्प बसण्याचीच आधी थोडी सवय करून ठेवा, कारण आपल्याला लगेच ‘राग नाही ना?’ विचारायचा मोह होतो. तो प्रश्न तुमच्या सोयीचा आहे, तिच्या नाही.

ती हसून ‘मी कधीच विसरले’ म्हणाली तर तिथेच थांबा, खोदून विचारू नका. चिडली तर ऐकून घ्या. ‘माझं नावच नको’ म्हणाली तर नाव नको, आणि का ते ग्रुपवर सांगायचं नाही. एखाद वेळी ती म्हणेल, ‘लिही की गिरणीबद्दल.’ असं होऊ शकतं. गिरणीची लाज तिला होती, हे तुम्ही आणि मी धरून चाललोय. तिला गिरणीचा अभिमानही असेल.

फोन करण्याआधी स्वतःला एक विचारा. तेव्हा दळण घेऊन आपण पोरंच जायचो, कडीचा डबा सायकलला अडकवून. तुमच्या घरचं दळण कुठे जायचं? तिच्याच गिरणीत जात असेल तर दिवाळीच्या आधीची ती डब्यांची रांग आठवा, चकलीच्या भाजणीची आणि बेसनाची. पट्ट्याचा तो खडखडाट, बोललेलं ऐकू यायचं नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती तिथे होती का? डबे वजन करून त्यांवर चिठ्ठ्या लावत होती का? ज्वारीनंतर गहू टाकताना कुणाच्या डब्यात कुणाचं पीठ जाऊ नये म्हणून बघत होती का? मला माहीत नाही, पण तुम्हाला माहीत असू शकतं. असं काही आठवलं तर फोनवर तिला सांगा. छापायचं की नाही, ते ती ठरवेल.

काम सोडू नका. तुम्ही सोडलंत तर ते त्या दोघा-तिघांपैकी कुणाकडे जाईल, आणि मग पान चार वर काय छापलं जाईल ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

आणि हो, फोटोच्या मागे उरलेल्या रांगांची नावं लिहाल तेव्हा मऊ शिसपेन्सिलने, हात न दाबता लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो. पाच नावं कळली नाहीत तर तेवढ्या जागा मोकळ्या सोडा, मेळाव्याला फोटो सोबत न्या आणि पेन्सिलही.